कट्ट्याच्या टाइलची उघडी कड

तुमच्या घरी नवे स्वयंपाकघर होत असेल, किंवा यंदाच्या सुगीनंतर करायचे मनात असेल, तर कट्ट्यामागच्या भिंतीला टाइल बसवायचे ठरलेलेच असणार. रंग कोणता घ्यायचा, फळाफुलांचे चित्र असलेली मधली टाइल घ्यायची की सगळी साधीच, यावर घरात आठ-आठ दिवस वाद झाला असेल. दुकानाच्या दोन खेपाही झाल्या असतील. पण एक प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नसेल आणि तुम्हीही कुणाला विचारला नसेल. ही टाइल भिंतीवर जिथे संपते, तिथे तिच्या कडेचे काय करायचे?

हसू नका. आमच्या घरी हा प्रश्न मिस्त्रींनी विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता. त्याचे पुढे काय झाले ते आधी सांगते, आणि मग कड कशी करावी हे मला जेवढे कळले आहे तेवढे सांगते. मी काही गवंड्याच्या घरची नाही. पण एकदा हात कापला की माणूस विळा कसा धरायचा ते शिकतो, तसे माझे झाले. फरक एवढाच, की कापला तो हात माझा नव्हता.

आमचे गाव कृष्णाकाठी, पलूस-वाळव्याच्या पट्ट्यात. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तो तुम्हाला आठवत असेलच. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, तिथे पाणी ५७ फुटांवर गेले. जनावरे आणि म्हातारी माणसे आम्ही वेळेवर माळावर नेली होती म्हणून निभावले. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ होता आणि स्वयंपाकघराची मागची भिंत बसली होती. ती भेंड्याची होती. भेंडा म्हणजे मातीच. पाण्यात किती दिवस तग धरणार?

त्या भिंतीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. लग्न होऊन आत्याबाई या घरात आल्या तेव्हापासून दर सणाला त्यांनी ती भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली. तिला कड अशी नव्हतीच. सारवताना बाई कोपऱ्यावरून तळवा कसा वळवून नेते ते तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षे तसा हात फिरून दाराजवळचा कोपरा गोलसर, गुळगुळीत झाला होता. गुडघे धरल्यापासून उंबरा ओलांडताना आत्याबाई नेमका तिथेच हात टेकवायच्या. पुराने भिंत नेली आणि आम्ही नवी बांधायला घेतली, तेव्हा हा कोपरा काही कुणाच्या लक्षात राहिला नाही.

थोडी नुकसानभरपाई, थोडे दुधाचे पैसे, बाकी उसाच्या बिलावर उधारी, अशी जुळणी करून पक्क्या विटांची भिंत उभी राहिली. काळ्या ग्रॅनाइटचा आठ फुटांचा कट्टा झाला आणि त्याच्या मागे दोन फूट उंच टाइल लावायची ठरली. मिस्त्री लोक याला डॅडो म्हणतात. साऱ्या गावाचीच घरे पडलेली, त्यामुळे आमचे मिस्त्री एका वेळी तीन घरी काम करत होते. सकाळी आमच्याकडे, दुपारी वरच्या आळीला, संध्याकाळी पुन्हा आमच्याकडे.

टाइल अठरा इंच लांब आणि बारा इंच उंच, आडवी लावायची. मिस्त्रींनी उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाच टाइल्स अख्ख्या बसल्या आणि डाव्या टोकाला, दाराच्या बाजूला, साडेपाच इंचांची जागा उरली. तिथे कापलेला तुकडा बसला. खालच्या ओळीत एक, वरच्या ओळीत एक. दोन्ही तुकड्यांची कापलेली बाजू दाराकडे तोंड करून. मला त्यात काही वावगे दिसले नाही. आमच्या कट्ट्याची सगळी गोम इथेच होती, पण ते कळायला पुढे बराच वेळ गेला.

संध्याकाळी हातपाय धुता धुता मिस्त्री म्हणाले, "वहिनी, ही कड उघडी राहती बघा. पट्टी बसवावी लागंल. वरची अन् बाजूची मिळून धा फूट. तालुक्यास्नं आणायची म्हंजे दोन दिस मोडतील."

दिवाळी आठ दिवसांवर आलेली. पुरानंतरची पहिली दिवाळी. धाकट्या वन्सं भाऊबीजेला यायच्या होत्या आणि माझा स्वयंपाक अजून सोप्यातल्या एका कोपऱ्यात विटा मांडून चालला होता. मी म्हटले, "राहू द्या हो मिस्त्री, तिथं कोण बघतंय? तेवढे सांधे भरा आणि कट्टा मोकळा करून द्या."

त्यांनी कडेवरून एकदा अंगठा फिरवला. "बघा बरं," एवढेच म्हणाले. मग कडेला पांढऱ्या सिमेंटचा एक हात मारला आणि दुसऱ्या घरी गेले. आत्याबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या.

दिवाळी छान झाली. बायका बघायला आल्या, टाइलवर हात फिरवून गेल्या. कडेवर कुणी हात फिरवला नाही. सिमेंटचा तो हात मात्र दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटून पडला.

मग २०२० चा फेब्रुवारी. सकाळची धार काढून मी अजून गोठ्यातच होते. आत्याबाई चहासाठी आत येत होत्या. उंबऱ्याला पाय अडखळला आणि एवढ्या वर्षांच्या सवयीने हात कोपऱ्याकडे गेला. जुना कोपरा असता तर तळवा तिथे टेकला असता. आता तिथे गिलाव्याच्या पुढे अर्धा इंच आलेली टाइल होती. बोटे त्या खाचेत अडकली आणि अंगाचा सारा भार कडेवर आला. अंगठ्याच्या गड्ड्यापासून मनगटाकडे चिरत गेले. मी धावत आले तेव्हा त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या, हात पदरात गुंडाळलेला, आणि मलाच सांगत होत्या, "दूध चढवलंय, उतू जाईल. आधी ते बघ."

प्राथमिक आरोग्य केंद्रात चार टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या कुणाचे असते तर पंधरवड्यात भरून आले असते. पण आत्याबाईंना बारा वर्षांची साखर. टाके काढले आणि चौथ्या दिवशी जखम पुन्हा उकलली, पाणी सुटू लागले. एक दिवसाआड पट्टी बदलायला न्यायचे, साखर तपासायची, असे चालले होते. तोवर २५ मार्चला सगळा देशच बंद झाला. गाड्या नाहीत, रस्त्यावर नाके. केंद्रातल्या सिस्टरबाईंनी मला पट्टी करायला शिकवले आणि आमच्या आशाताई जमेल तशा येऊन बघून जात. रोज सकाळी तो हात मांडीवर घेऊन मी जखम धूत होते. जखम धरायला मे उजाडला. हात वाचला. पण एप्रिलमध्ये एकदा ताप भरला होता, तेव्हा दोन रात्री आम्ही कुणी झोपलो नाही.

या सगळ्या दिवसांत येणारा-जाणारा मिस्त्रींना बोल लावून जायचा. आमचे हेही म्हणाले, "पैसे मोजून घेतले आणि काम अर्धवट टाकून गेला." मी खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिले. मिस्त्रींनी विचारले होते, मीच नको म्हटले होते, हे सांगायला तोंड उघडेना.

एके दिवशी दुपारी घर निजलेले असताना मी ती कड नीट पाहिली. तुम्हीही कधी पाहा. कारखान्यातून आलेल्या टाइलच्या काठावर झिलई जराशी खाली वळलेली असते, बोट फिरवले तर सरकून जाते. झिलई म्हणजे काचच, मातीच्या पोटावर चढवून भट्टीत वितळवलेली. टाइल यंत्राने कापली की त्या काचेला नवी धार येते, फुटक्या पेल्याला येते तशी. आमच्या दाराकडे नेमकी तीच धार होती. मिस्त्रींनी डावीकडून, मोकळ्या टोकापासून सुरुवात केली असती, तर तिथे अख्ख्या टाइलची कारखान्यातली कड आली असती आणि कापलेला तुकडा उजव्या कोपऱ्यात दडला असता. म्हणजे एक चूक त्यांचीही होती. पण पट्टी बसली असती तर ती झाकली गेली असती, आणि पट्टी मी बसू दिली नव्हती.

दुकाने बंद, मिस्त्री त्यांच्या गावी अडकलेले. मग मी विळ्याला धार लावायचा निसणा घेतला. विळ्याला धार आणतो तोच दगड टाइलची धार घालवतो, हे कुणी मला सांगितले नव्हते, पण दगड तो दगडच. निसणा पाण्यात बुडवायचा, कडेला तिरका धरायचा आणि झिलईकडून पोटाकडे, एकाच दिशेने ओढायचा. पुढे-मागे घासू नका. उलट घासले की झिलईच्या कपच्या उडतात. माझ्या दोन उडाल्या. पाणी लावत राहायचे ते दोन कारणांनी. दगड चावतो नीट आणि धूळ उडत नाही. ही धूळ साधी नव्हे. टाइल कोरडी कापताना जो पांढरा धूर उडतो त्यात सिलिकाची बारीक पूड असते. ती छातीत बसून सिलिकोसिस नावाचा रोग होतो आणि त्यावर उतारा नाही. तुमच्या अंगणात यंत्र फिरत असेल तर मिस्त्रीला पाणी सोडून कापायला सांगा, तोंडाला फडके बांधायला लावा आणि लेकरांना लांब ठेवा.

चार दुपारी घासल्यावर धार मेली. बोट फिरवले तर ओरखडा उठेना. पण झिलई गेली तिथे टाइलचे तांबूस पोट उघडे पडले. भिंतीच्या साध्या टाइलचे पोट सच्छिद्र असते. पाणी पिते, तेल पिते आणि महिनाभरात काळे पडते. दुसरे म्हणजे कडेला कान लावून टाइलवर रुपयाचे नाणे वाजवले, तर दोन ठिकाणी ठक्क आवाज आला आणि तिसरीकडे बद. आत पोकळी होती. घाईत असले की काही मिस्त्री टाइलच्या पाठीला माल सगळीकडे पसरत नाहीत, चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून दाबतात. भिंतीवर वरून काही कळत नाही. पण उघड्या कडेला त्या पोकळीचे तोंड असते, आणि रात्री दिवा लावला की झुरळे जिथून पळताना दिसतात ते हेच तोंड.

घरात पांढऱ्या सिमेंटची अर्धी पिशवी उरली होती. मी सिमेंट दह्याएवढे दाट कालवले. दुधाच्या पिशवीचा मेंदीसारखा कोन केला आणि पोकळीत तोंडापर्यंत भरले. मग कडेला बोटाने गोलाई देत लिंपले. आत्याबाई पलीकडे बसून बघत होत्या. हात गळ्यात अडकवलेला. "बोट ओलं कर," म्हणाल्या, "माती बोटाला धरायला नको." सारवण त्यांनी मला शिकवले होते. सिमेंट त्यांनी कधी हातात घेतले नव्हते, पण सांगितले ते बरोबर होते.

एक सांगून ठेवते. सिमेंटने हात खातो. मी मोजे न घालता केले आणि पुढे आठ दिवस बोटांची साले निघत होती. रबरी मोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधा.

हे झाले मोडलेले सावरणे. तुमचे काम अजून व्हायचे असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण कडेचा विचार पहिली टाइल बसायच्या आधी केला तर त्याला फारसा खर्च नाही. नंतर केला तर तो दुप्पट पडतो आणि तरी मनासारखे होत नाही.

पहिले काम खडूचे. भिंतीवर खडूने टाइलची हद्द आखा आणि तिच्यासमोर उभ्या राहा. कड कुठे कुठे उघडी पडते ते मोजा. टाइल कोपऱ्याला, खिडकीच्या चौकटीला किंवा भिंतीतल्या कपाटाला जाऊन भिडत असेल तर तिथे कडच उरत नाही. कधी कधी टाइल चार इंच पुढे नेली किंवा मागे घेतली तरी निम्मी कड वाचते. आमच्याकडे डावीकडे ती दाराच्या चौकटीपर्यंत नेता आली असती. सात इंचांचा प्रश्न होता. दोन टाइल्स जास्त लागल्या असत्या आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. शिवाय मोकळ्या टोकाला अख्खी टाइल आणि कोपऱ्यात तुकडा, हे मिस्त्रीला आधी सांगा. चांगला मिस्त्री स्वतःहूनच दोरी धरून मधून आखणी करतो. पण सुगीच्या घाईत चांगल्या मिस्त्रीचाही हात चुकतो.

दुसरी गोष्ट गिलाव्याची. टाइल गिलाव्याच्या पुढे का येते? कारण बहुतेक वेळा सगळी भिंत आधी गिलावा करून घेतात आणि मग त्यावर माल लावून टाइल चिकटवतात. टाइलची जाडी अडीच-तीन सूत, खालचा माल आणखी दोन-तीन सूत. मग अर्धा-पाऊण इंचाची पायरी होणारच. त्याऐवजी टाइलच्या हद्दीत भिंत विटेवरच खडबडीत ठेवायची आणि वरचा गिलावा टाइल बसल्यावर तिच्या तोंडाला बरोबर आणून मिळवायचा. भिंत आणि टाइल एका पातळीत आली की कडेला धार असली तरी ती हाताला लागायला जागाच राहत नाही. याला पैसा लागत नाही, फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो. भिंत आधीच गिलावलेली असेल तर हद्दीतला गिलावा छिन्नीने काढून घ्या. कष्टाचे आहे, पण होते.

तिसरी गोष्ट पट्टीची. शहराच्या दुकानात प्लॅस्टिकच्या, अॅल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या पट्ट्या मिळतात. तिचा एक पाय भोके पाडलेला असतो. तो टाइलच्या खाली मालात दाबायचा आणि गोल किंवा चौकोनी ओठ टाइलच्या कडेवर येतो. म्हणजे ती शेवटच्या ओळीच्या आधी, टाइलबरोबरच बसवावी लागते. मिस्त्रींनी दोन दिवस मागितले होते ते यासाठीच. मला वाटले होते की पट्टी काय, पुढे कधीही चिकटवता येईल. वरून चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात, पण कट्ट्यावर वाफ आणि फोडणीचे तेल रोज. त्यांचा गम टिकत नाही. घेताना टाइलची जाडी पाहून घ्या, एखादा तुकडा पिशवीत टाकूनच दुकानात जा. टाइलपेक्षा पट्टी उंच झाली तर तिचाच काठ टोचतो. शेगडीच्या जवळ प्लॅस्टिकची पट्टी नको, उष्णतेने वाकते आणि पिवळी पडते. तिथे अॅल्युमिनियम किंवा स्टील. आणि काम झाल्यावर टाइल पुसायला काही जण ॲसिड ओततात, ते करू देऊ नका. सांधे खाते आणि अॅल्युमिनियमची चमकही जाते.

काही जण बाहेरच्या कोनावर दोन टाइल्सच्या कडा तिरक्या, ४५ अंशांत घासून एकमेकींना भिडवतात. शहरात ती मोठी शोभेची गोष्ट समजतात. दिसते सुरेख, मीही पाहिले आहे. पण तिरकी घासलेली कड पापडाएवढी पातळ होते. आपल्या घरात तिथून पाण्याची घागर जाते, पाटी जाते, लाकडाची मोळी जाते. एकदा ठेचली की कपची उडालीच, आणि पुन्हा आहे तीच धार.

जुन्या काळी, सहा इंची पांढऱ्या टाइल्स असायच्या तेव्हा, गोल कडेच्या टाइल्स वेगळ्या मिळत. माझ्या माहेरच्या दवाखान्यात तशा होत्या. भिंतीचा शेवट लोण्यासारखा वळलेला. आता नव्या मापांत त्या क्वचितच दिसतात.

माझ्या मते आपल्या घरांना सगळ्यात चांगली ती दगडाची पट्टी. कट्ट्याचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा कापताना दोन-तीन इंची तुकडे उरतातच. ते दगडवाला असेच टाकून देतो, आपण पैसे मात्र सगळ्या दगडाचे दिलेले असतात. त्या पट्ट्यांची एक कड गोल करून पॉलिश करून घ्यायची आणि टाइल जिथे संपते तिथे चौकटीसारख्या बसवायच्या. टाइलपेक्षा तसूभर पुढे, म्हणजे टाइलची कड तिच्या मागे लपते. तापत नाही, वाकत नाही, तेल लागले तर पुसून निघते. आणि मुख्य म्हणजे ती नंतरही बसवता येते, टाइल न काढता.

आमच्याकडे तेच झाले. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मिस्त्री गावात परत आले. माझे निसण्याचे काम तोवर टिकले होते, पण लिंपलेल्या सिमेंटला हळदीचा आणि तेलाचा रंग चढला होता. ह्यांनी निरोप धाडला, जरा तावातच. मिस्त्री आले. कट्ट्याचे उरलेले तुकडे गोठ्यामागे पडले होते, ते मी आधीच धुऊन ठेवले होते. दगडवाल्याकडून त्यांना गोलाई मारून आणली. वरच्या बाजूला तीन तुकडे जोडून आठ फूट झाले, बाजूला एक अखंड दोन फुटी. मिस्त्रींनी टाइलच्या कडेने गिलावा दोन इंच खरडून काढला, विटेला खाचा पाडल्या, पाणी मारले आणि पट्टी माल भरून बसवायला घेतली.

ते काम चालू असताना आत्याबाई सोप्यातून उठून आल्या. उजवा हात पुढे केला. अंगठ्याखालून मनगटापर्यंतचा पांढरा वळ मिस्त्रींसमोर धरून म्हणाल्या, "बघ बाबा, तुझ्या कामाची खूण."

मिस्त्रींच्या हातातली करणी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, आक्का."

तेव्हा मात्र मला राहवेना. मी म्हटले, "आत्याबाई, त्यांनी विचारलं होतं. पट्टी बसवू का म्हणून. मीच नको म्हटलं, दिवाळी आली म्हणून." दारात हे उभे होते. त्यांनीही ऐकले.

आत्याबाई काही वेळ पट्टीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. सोप्यात शेंगा फोडत होते की. मला वाटलं, सांगशील कधी तरी." आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "ती अजून जरा गोल कर रे. इथं हात टेकतो माझा."

मिस्त्रींनी पट्टी पुन्हा उतरवली. अंगणात बसून पाणी मारत दाराच्या बाजूचा तिचा काठ आणखी तासभर घासला. आत्याबाई मधून मधून जाऊन हात फिरवून बघत होत्या, आधी उलटा आणि मग सुलटा, आणि "अजून," म्हणत होत्या. तिसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत. मी चहाचे आधण ठेवले.